चौथ्या इयत्तेचे एक वर्ष

आपल्या देशात शाळेचे वर्ष कोठे जूनमध्ये सुरू होते, तर कोठे एप्रिलमध्ये. ते कोणत्याही महिन्यात सुरू होवो, त्याचा शेवट मात्र बहुधा एकाच ठिकाणी होतो, आणि ते ठिकाण म्हणजे परीक्षा. या दोन टोकांच्या मधल्या काळात मुले वर्गात प्रत्यक्ष काय करतात, हा प्रश्न इतिहासकारांनी क्वचितच विचारलेला दिसतो. शाळा किती निघाल्या, विद्यार्थी किती वाढले, खर्च किती झाला, याचे आकडे सरकारी अहवालांत वर्षानुवर्षे नोंदलेले सापडतात. परंतु अमुक गावच्या चौथीच्या वर्गातील मुले अमुक दिवशी आनंदात होती काय, त्यांनी स्वतःच्या हाताने काही केले काय, याची नोंद ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती. आजही ती फारशी नाही. म्हणूनच ज्या एका लहानशा गुजराती पुस्तकात अशा एका वर्षाची हकीकत आली आहे, ते पुस्तक मला आपल्या शिक्षणाच्या इतिहासाचे एक मोलाचे साधन वाटते. पुस्तकाचे नाव ‘दिवास्वप्न’, प्रसिद्धीचे वर्ष १९३२, आणि लेखक भावनगरचे गिजुभाई बधेका.

या पुस्तकाचे महत्त्व ध्यानात यावयाचे तर त्यापूर्वीची प्राथमिक शाळा थोडी डोळ्यांपुढे आणली पाहिजे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर प्रांतोप्रांती शिक्षणखाती उभी राहिली, आणि खात्याबरोबरच तपासनीस आला. इंग्लंडात १८६२ पासून शाळेला मिळणारे अनुदान मुलांच्या परीक्षेच्या निकालाशी जोडण्यात आले होते. तोच प्रघात पुढे आपल्याकडेही आला. किती मुले वाचनात उतरली, किती हिशेबात उतरली, त्या मानाने शाळेला पैसे. १९०४ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावात ही पद्धत सोडून देण्याचा विचार सरकारने मांडला. परंतु पद्धत गेली तरी तिने लावलेली सवय गेली नाही. गावात ‘डिपोटी’ येणार म्हटले की शाळा सारवली जाई, मुलांना धुतलेल्या टोप्या घालून आणण्यास बजावले जाई, आणि हुशार मुलांना पुढच्या रांगेत बसवून ठरलेल्या प्रश्नांची ठरलेली उत्तरे घोकून घेतली जात. मास्तरांचे भवितव्य त्या एका दिवसावर अवलंबून असे. अशा स्थितीत मास्तर मुलांसाठी शिकवीत की डिपोटींसाठी, हे निराळे सांगावयास नको. मास्तरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. ज्याच्या मापाने माणसाचे काम मोजले जाते, त्या मापाचेच काम माणूस करू लागतो, एवढेच म्हणावयाचे.

गिजुभाईंचा जन्म १८८५ सालचा, सौराष्ट्रातील चितळ या गावचा. पेशाने ते वकील. तरुणपणी काही काळ ते पूर्व आफ्रिकेत जाऊन आले, परत येऊन मुंबईस त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि पुढे वढवाण येथे वकिली चालवली. शिक्षणाकडे त्यांना ओढले ते त्यांच्या घरातल्या पाळण्याने. १९१३ साली त्यांना मुलगा झाला, आणि या मुलाला आपण ज्या तऱ्हेच्या शाळेत शिकलो तसल्या शाळेत घालावयाचे काय, हा प्रश्न त्यांना छळू लागला. वसो येथील मोतीभाई अमीन यांच्याकडून त्यांना मादाम मॉन्टेसरींच्या विचारांचा परिचय झाला. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत जी ग्रंथालयांची चळवळ फोफावली, तिचे एक अध्वर्यू हेच मोतीभाई. मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत बालगृह उघडले होते. मुलाला हाताळावयास साधने द्यावी, त्याच्या गतीने त्याला काम करू द्यावे आणि शिक्षकाने शक्य तितके बाजूला राहावे, ही त्यांची शिकवण. १९१६ साली गिजुभाई वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. ही संस्था नानाभाई भट्ट यांनी १९१० साली स्थापन केली होती. तेथे १९२० साली गिजुभाईंनी बालमंदिर सुरू केले. टेकडीवरील बालमंदिराच्या वास्तूचे उद्घाटन १९२२ साली कस्तुरबा गांधींच्या हस्ते झाले. गुजरातेत या माणसाला लोक कौतुकाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले.

मॉन्टेसरींना गुरुस्थानी मानूनही गिजुभाईंनी त्यांची नक्कल केली नाही, हे विशेष आहे. लहान मुलांना अद्‌भुत कथा सांगण्याविषयी मॉन्टेसरी साशंक असत. गिजुभाईंनी मात्र गोष्टीला बालशिक्षणात मानाचे पान दिले. गोष्ट कशी निवडावी, कशी सांगावी, कोणत्या वयाला कोणती रुचते, यावर त्यांनी ‘वार्तानुं शास्त्र’ नावाचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ज्या देशात आजीच्या मांडीवर डोके ठेवून मूल गोष्ट ऐकत झोपी जाते, त्या देशातील शाळेने गोष्टीला दाराबाहेर ठेवावे, हे त्यांना पटणे शक्य नव्हते. लोकगीते, भेंड्या, नाटुकली, मैदानी खेळ, हे सारे त्यांनी परंपरेतून उचलले आणि शाळेत आणून बसवले.

पण बालमंदिर ही झाली स्वतंत्र संस्था. तेथे सरकारी अभ्यासक्रम नाही, डिपोटी नाही, वार्षिक परीक्षेची टांगती तलवार नाही. तेव्हा साहजिकच कोणीही म्हणावे, आणि लोक म्हणतही असत, की टेकडीवर हे सारे ठीक आहे. पण साध्या सरकारी शाळेत, चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात, नेमलेली पुस्तके पुरी करता करता हे चालेल काय? ‘दिवास्वप्न’ हे या आक्षेपाला दिलेले उत्तर आहे. कथा कल्पित आहे, परंतु तिच्या पाठीशी दीड तपाचा प्रत्यक्ष अनुभव उभा आहे. एक मनुष्य शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि मला एक वर्ग एक वर्षभर द्या, अशी विनंती करतो. अधिकारी विचारपूस करतो आणि प्राथमिक शाळेची चौथी इयत्ता त्याच्या स्वाधीन करतो. अट एकच: नेमलेला अभ्यासक्रम आहे, आणि वर्षाच्या अखेरीस परीक्षा व्हावयाची आहे, हे विसरता कामा नये.

पहिल्याच दिवशी या शिक्षकाची फजिती होते, आणि पुस्तकाचा खरेपणा मला तेथेच जाणवतो. पुष्कळ वाचन करून तो आलेला असतो. खिडक्या लावून घेऊन मुलांनी निःशब्द बसावे आणि दुरून येणारे बारीक आवाज ऐकावे, असा शांततेचा खेळ घेण्याची त्याची योजना असते. मुले शांत बसण्याऐवजी हुल्लड करतात. घरी बसून केलेली तयारी वर्गात पाच मिनिटेही टिकत नाही. शिक्षक मुलांना सुट्टी देतो, आणि मुख्याध्यापकांची नाराजी पत्करून घरी जाऊन नव्याने विचार करू लागतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगावयास घेतो. काल ज्यांना आवरणे अशक्य झाले होते, तीच मुले आता तोंडाकडे टक लावून बसतात. शांततेचा जो खेळ हुकमाने साधला नव्हता, तो न सांगता साधून जातो.

पुढे दिवसामागून दिवस गोष्टी चालतात. शेजारच्या वर्गांतले शिक्षक हसू लागतात, वरिष्ठांच्या मनातही चलबिचल होते. गोष्टी सांगून अभ्यास कसा व्हावयाचा? परंतु शिक्षकाचा हिशेब वेगळा असतो. गोष्ट ऐकण्याची ओढ लागलेल्या मुलाला गोष्ट वाचण्याची ओढ लावणे अवघड नाही. मग तो वर्गात पुस्तके आणतो. प्रत्येकाने तेच ते पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजी त्या पैशांतून निरनिराळी पुस्तके घेतली तर वर्गाचे ग्रंथालय उभे राहील, ही त्याची साधी युक्ती. पालकांना ती सहजासहजी पटत नाही. मुलाच्या हाती स्वतःचे क्रमिक पुस्तक नाही म्हणजे तो शाळेत जातो तरी कशाला, असे त्यांना वाटते. हळूहळू मात्र पुस्तके जमतात, आणि वाचन हा तास न राहता छंद होतो. ऐकलेल्या गोष्टींतूनच इतिहासाकडे जाण्याची वाट निघते.

मला या पुस्तकात सर्वात जास्त भावतो तो या कामांचा क्रम. शिक्षक एकदम व्याकरणावर उडी घेत नाही. मुलांची नखे वाढलेली आहेत, टोप्या मळलेल्या आहेत, केस विंचरलेले नाहीत, हे त्याला आधी दिसते. तेव्हा स्वच्छता हाच पहिला पाठ होतो. त्यानंतर खेळ. खेळताना मुले भांडतात, तक्रारी मुख्याध्यापकांपर्यंत जातात. पण नियम पाळणे, हार सोसणे, दुसऱ्याला संधी देणे, या गोष्टी मैदानाशिवाय कोठे शिकावयाच्या, असा त्याचा प्रश्न असतो. मग भेंड्या आणि लोकगीते. त्यांतून कविता न घोकता तोंडी बसते. नाटक करावयाचे तर संवाद पाठ करून नव्हे. गोष्ट मनात भिनलेली असते, मुले आपापल्या शब्दांत बोलतात, आणि घरातल्याच वस्तूंतून वेषभूषा होते. व्याकरणासारखा रुक्ष विषयदेखील तो खेळातून आणतो. चिठ्ठीवर लिहिलेले वाचावे आणि तसे करून दाखवावे. करून दाखविता येते ते क्रियापद, हे मुलाला व्याख्येशिवाय उमगते. हात, डोळे आणि पाय यांना काम मिळाले की डोके आपोआप कामाला लागते, हा त्याचा विश्वास असतो.

यातले काहीही खर्चाचे नव्हते, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. नवी इमारत, नवी साधने, वाढीव वेतन, यांपैकी कशाचीही त्याने मागणी केलेली नाही. त्याने मागितले ते एक वर्ष. आणि अधिकाऱ्याने दिले तेही एक वर्षच. सहा महिने लोटल्यावर अधिकारी येतो, पाहतो, शंका विचारतो; परंतु मध्येच प्रयोग थांबवीत नाही. गिजुभाईंच्या वाचकांचे लक्ष स्वाभाविकपणे त्या शिक्षकाकडे जाते. माझे लक्ष, मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे असेल, त्या अधिकाऱ्याकडेही जाते. पहिल्या दिवशी फजिती झालेल्या माणसाला दुसरा दिवस मिळाला, तो त्याच्यामुळे. आपल्या प्रशासनात पैसा मंजूर करण्याचे अधिकार पुष्कळांना असतात. चुका करण्यास सवड मंजूर करण्याचे अधिकार कोणत्या कलमाखाली येतात, हे मला अद्याप सापडलेले नाही.

भावनगरच्या या कामात एका मराठी स्त्रीचा वाटा मोठा होता, आणि पुढे ते काम महाराष्ट्रात आणण्याचे श्रेयही तिचेच. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर अमरावती, पुढे राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयातील नोकरी, आणि १९२३ साली भावनगर, असा त्यांचा प्रवास झाला. गिजुभाईंच्या बरोबरीने त्यांनी लेखन केले, शिक्षकांना तयार केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली, आणि ‘शिक्षण पत्रिके’च्या द्वारे हे विचार आधी गुजरातीत व नंतर मराठीत घरोघरी पोहोचले. १९३९ साली गिजुभाई वारले. तोवर ताराबाई मुंबईस आल्या होत्या आणि दादरच्या शिशुविहारात त्यांनी शहरी मध्यमवर्गाच्या मुलांसाठी काम उभे केले होते.

येथेच त्या थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. त्यांच्यासोबत होत्या अनुताई वाघ. बोर्डीस बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती उघडली ती दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले तेथे येईनात. कोणी गुरे राखावयास जाई, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी, आणि शाळेची भीती तर सर्वांनाच. एखाद्या दुसऱ्या संस्थेने मुलांची गैरहजेरी लावून समाधान मानले असते. ताराबाईंनी आणि अनुताईंनी शाळाच उचलून वस्तीत नेली. झोपडीपुढचे अंगण हा वर्ग झाला. आधी मुलांना न्हाऊ-माखू घालावयाचे, केस विंचरावयाचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. ‘दिवास्वप्ना’तील शिक्षकाचाच हा क्रम होता. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना जे ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले, त्याचे मूळ या अंगणात आहे.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये नेण्यात आले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी तिन्ही एकत्र आणून ‘विकासवाडी’ची कल्पना साकारली. थोरल्या बहिणीला शाळेत यावयाचे तर कडेवरच्या भावंडाचे काय, या प्रश्नाला दिलेले ते उत्तर होते. जी मुले गुरांमागे रानात जात त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत आणि मुले शिकत. परदेशी बनावटीची मॉन्टेसरी साधने महाग आणि त्या मुलांना परकी. त्यांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, बांबू अशा आसपासच्या वस्तू आल्या. बियांनी मोजावे, पानांवरून आकार ओळखावे, शिंपल्यांनी नक्षी मांडावी. वारली मुलाला रान ठाऊक होते. त्याला जे ठाऊक होते तेथून त्याला जे ठाऊक नव्हते तेथे नेणारी वाट त्याच्याच रानातल्या वस्तूंनी आखली गेली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण देऊन गौरवण्यात आले. १९७३ साली त्या गेल्या, आणि त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे, १९९२ साली स्वतःच्या निधनापर्यंत, अनुताईंनी कोसबाडची टेकडी सांभाळली.

त्या शंख-शिंपल्यांकडे प्रशासनाच्या दृष्टीने एकदा पाहावे असे मला वाटते. ते विकत आणलेले नव्हते, म्हणून त्यांची पावती नव्हती. पावती नव्हती म्हणून नोंद नव्हती, आणि नोंद नव्हती म्हणून ते हरवण्याची भीतीही नव्हती. शिंपला फुटला तर मूल समुद्राकाठी जाऊन दुसरा आणील; बी हरवली तर झाडाखाली आणखी पडलेल्या असतीलच. साधन मोडण्याचे स्वातंत्र्य हे त्या पद्धतीचे अर्धे बळ होते.

हेच काम सरकारी योजनेच्या स्वरूपात येते तेव्हा काय होते, याचाही इतिहास आहे. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगाच्या भोवती गुंफलेल्या सात वर्षांच्या शिक्षणाची योजना मांडली. सूत कातता कातता गणित, कापसावरून भूगोल, कापडावरून इतिहास, अशी ती उदात्त कल्पना होती. सेवाग्रामला आर्यनायकम पतिपत्नींनी ती निष्ठेने राबवली. परंतु स्वातंत्र्यानंतर ती खात्याच्या परिपत्रकांतून हजारो शाळांवर उतरली तेव्हा बऱ्याच ठिकाणी तिचा अर्थ आठवड्याच्या वेळापत्रकात टकळीचा एक तास, एवढाच उरला. सूत निघाले, त्याचे वजन झाले, वजनाची नोंद झाली. त्या सुताला गणिताशी जोडणारा धागा मात्र तुटलेला राहिला. १९८७ साली खडू-फळा मोहीम सुरू झाली आणि शाळाशाळांतून साहित्याच्या पेट्या पोहोचल्या. त्या पेट्यांतले बरेचसे साहित्य कपाटाबाहेर आलेच नाही. २००९ साली मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. त्याच्या एकोणतिसाव्या कलमात, मुलांना कृतींच्या, शोधाच्या आणि धुंडाळण्याच्या मार्गाने शिकता यावे, असे स्पष्ट सांगितले आहे. १९३२ साली जे दिवास्वप्न होते ते ७७ वर्षांनी देशाचे कायद्याचे कलम झाले. इतिहासात असे सहसा घडत नाही.

पेट्या कपाटात का राहिल्या, याचे उत्तर मला एका शाळेत मिळाले, आणि ते ऐकताना मला थोडी लाजच वाटली. माझ्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत तालुक्यातील शाळांना भेटी देण्याचे काम माझ्याकडे होते. एका दुसरीच्या वर्गात फरशीवर तैलरंगाने अंकांची वर्तुळे काढलेली होती. मुलांनी त्यांवर उड्या माराव्या, अंक ओळखावे, बेरीज करावी, यासाठी ती होती. मुले त्या वर्तुळांवर रांगेने मांडी घालून बसली होती आणि पाढे म्हणत होती. मी गुरुजींना विचारले, “गणिताची पेटी आली आहे ना?” त्यांनी कुलूप काढून पेटी दाखवली. मणी, ठोकळे, काड्या, सारे कंपनीतून आले तसे कोरे. मी म्हटले, “मुलांना का देत नाही?” गुरुजी वयाने माझ्याहून पुष्कळ मोठे होते. क्षणभर थांबून ते म्हणाले, “साहेब, डेडस्टॉक रजिस्टरला नग मांडलेले आहेत. कमी भरले तर माझ्याकडून वसुली होईल. गेल्या भेटीत आपणच मोजून सही केली होती.”

खरोखरच सही माझी होती. गेल्या वर्षी मी शंभर मणी मोजले होते आणि शंभर भरले म्हणून संतोष व्यक्त केला होता. ज्या वर्गात वर्षाअखेर शंभरातले शंभर मणी शिल्लक राहतात त्या वर्गात मुलांनी मणी हाताळलेलेच नाहीत, हा साधा विचार माझ्या मनात आला नव्हता. त्या दिवशी मी शेरेबुकात लिहिले की साहित्य मुलांच्या हाती द्यावे. वापरात मोडले अथवा हरवले तर ती शिक्षकाची कसूर समजू नये. पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा पेटी वर्गाच्या मध्यभागी उघडी पडली होती. ठोकळ्यांचे कोपरे झिजले होते, मण्यांपैकी निम्मे बेपत्ता होते, आणि एक मुलगी उरलेल्या मण्यांचे दहा-दहांचे गठ्ठे करून मैत्रिणीला काहीतरी तावातावाने पटवून देत होती. गुरुजींनी मला उशिरापर्यंत बसवून घेतले. त्यानंतरच्या लेखापरीक्षणात मात्र कमी भरलेल्या नगांबद्दल आक्षेप निघाला, आणि त्याचा खुलासा मला करावा लागला. तो करताना मला जितके समाधान वाटले तितके फार थोड्या खुलाशांत वाटले आहे.

यावरून सरकारने या कामात पडूच नये, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. २००३ साली चेन्नई महानगरपालिकेचे आयुक्त विजयकुमार यांनी पालिकेच्या तेरा शाळांत कृतींवर आधारलेले शिक्षण सुरू केले, आणि काही वर्षांत ते तमिळनाडूतील सरकारी प्राथमिक शाळांत पसरले. त्यांनी परिपत्रकापासून आरंभ केला नाही. पालिकेचे शिक्षक आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या खेड्यांतल्या शाळा पाहून आले, तेथील पद्धत त्यांनी समजून घेतली, आणि आपल्या मुलांसाठी लागणारी कार्डे त्यांनी स्वतः तयार केली. हुकूम वरून आला. पण त्याआधी शिक्षकाने स्वतः काहीतरी पाहिले, हाताळले आणि घडवले होते. मुलाने जसे शिकावे असे आपण म्हणतो तसेच आधी शिक्षकाला शिकू दिले होते.

भावनगर, कोसबाड आणि चेन्नई या तिन्ही ठिकाणी माणसे वेगळी, भाषा वेगळ्या, काळही वेगळा. परंतु तिन्ही ठिकाणी आधी शिक्षकाला काही काळ मोकळे सोडलेले होते, आणि त्या काळात जे बिघडेल ते बिघडू देण्याची तयारी कोणीतरी दाखविली होती. भावनगरच्या कथेत ती अधिकाऱ्याने दाखविली, कोसबाडला दोन स्त्रियांनी स्वतःच पत्करली, चेन्नईस एका आयुक्ताने. जेथे ही तयारी नव्हती तेथे टकळी राहिली, पेटी राहिली, फरशीवरची वर्तुळे राहिली, आणि मुले त्यांवर मांडी घालून बसली.

शाळेचे नवे वर्ष दरसाल सुरू होते. पहिल्या दिवशी चौथीच्या कोणत्या ना कोणत्या वर्गात एखादा तरुण शिक्षक किंवा शिक्षिका काहीतरी नवे करावयास जाते आणि मुले हुल्लड करतात. शेजारचे हसतात. मुख्याध्यापक कपाळाला आठ्या घालतात. ‘दिवास्वप्ना’तही हेच घडले होते. त्या शिक्षकाला दुसरा दिवस मिळावयाचा की नाही, हे ठरविणारी माणसे वर्गाबाहेर असतात. आपल्यापैकी कोणी पालक म्हणून, कोणी शाळा समितीचा सभासद म्हणून, कोणी माझ्यासारखा तपासणीस गेलेला अधिकारी म्हणून, त्या माणसांत असतोच. अशा वेळी मोजण्यापूर्वी थोडे थांबावे, आणि शक्य तर वर्गात बसून एक गोष्ट ऐकून घ्यावी.